देवाचा वास

१

हिरा जाऊन आठवडासुद्धा उलटला नव्हता, आणि तिला कोणी मारलं हे रोझ हिलच्या कचेरीत ठरूनही गेलं होतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे डॉक्टर. त्यांनी चष्मा पुसत पुसत मला सांगितलं, ‘‘मोंतान्य ब्लांशची सुईण, बसंती. गर्भारणीला झटके येत होते आणि हिनं तिला वेळेवर इस्पितळात हलवलं नाही. तिथल्या इस्पितळाच्या डॉक्टर देर्व्हिलांनी स्वतः तसं कळवलंय. तुम्ही जाऊन पाहून या आणि सोमवारच्या बैठकीत तिचा परवाना काढून घ्यायची शिफारस करा.’’

‘‘पाहून यायचं की शिफारस करायची?’’ मी विचारलं.

‘‘दोन्ही,’’ ते म्हणाले.

हे साल १९५८. बेटावरच्या डॉक्टरांनी, नर्सांनी आणि सुईणींनी नीट काम करावं म्हणून हे मंडळ होतं. त्यावर सगळे डॉक्टर, सुईण एकही नाही. मी विमला, सुईणींची निरीक्षक, म्हणून माझी खुर्ची टेबलापासून दूर, भिंतीला लागून. सुईणीची नखं वाढली तर काय करायचं, तिचा झगा मळला तर काय करायचं, सगळ्याला नियम होता. डॉक्टर चुकला तर काय, ते पान मला त्या नियमावलीत कधी सापडलं नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हाच मंडळाचा खरा नियम, आणि तो लिहायची गरज नव्हती.

परवाना गेला असता तर बसंतीवर खटला भरायला पोलीस मोकळे झाले असते. वीस-बावीस गावांतल्या बायकांची पोरं जिच्या हातावर जन्मली ती बाई तुरुंगात गेली असती. मला राग चटकन येतो आणि आला की लवकर जात नाही. मी तो तसाच घेऊन मोका गावावरून जाणाऱ्या बसमध्ये बसले.

२

गावात गणपती नुकतेच झाले होते. दारोदार केळीचे खांब अजून उभे होते, अंगणात गुलाल सांडलेला होता. तुलसीरामच्या दाराला मात्र एक पानसुद्धा बांधलेलं नव्हतं. तो ऊसतोड्या, हिराचा नवरा, पायरीवर बसला होता आणि मी आले तरी त्यानं मान वर केली नाही. त्याची आई पुष्पावती आत तान्ह्या मुलीला बकरीचं दूध बोळ्यानं पाजत होती. आई गेली, पण पोर वाचली होती.

‘‘लांबच बस, बाय,’’ पुष्पावती म्हणाली. ‘‘शिवू नको, सुतक हाय. आधी मोक्याचा सत्यनारायण गेला, ह्याचा चुलता. त्येचं फिटलं न्हाय तवर ही गेली. गणपती पन आनला न्हाय औंदा.’’

कोपऱ्यातला देव्हारा तिनं कापडानं झाकून टाकला होता. चुलीवर कसलासा काढा उकळत होता. बसमध्ये लोकांनी माझ्या कानावर घातलंच होतं, की सासूच्या काढ्यांनी सून मेली असेल.

‘‘हे काय आहे?’’ मी विचारलं.

‘‘ओव्याचं पानी. पी की, तू पन पी.’’ तिनं वाटी भरून माझ्यापुढे सरकवली आणि तिच्या नाकपुड्या थरथरल्या. मी प्यायले. ओव्याचंच पाणी होतं.

मग तिनं सांगितलं ते असं. ‘‘हिराचं दिस भरून वर गेलं व्हतं. दोक्तेर बोलला, एरंडेल पी, कळा येतील. ती आपली रिकामी बुतेय घेऊन लोपितालला गेली, तेल भरून आनायला. परत आली तवा गणपती नदीला चालले व्हते. दुपारच्या आरतीपासून गोवर्धन म्होरं गात व्हता, त्येचा गळा लय मोठा. आमाला जाता येत न्हाय, तर ही उंबऱ्यात बसून आयकत ऱ्हायली, बुतेय मांडीवर. मिरवणूक गेली, मग आत आली, नाक दाबून तेल प्याली. आन मला म्हनते, आई, देवाचा वास येतो.’’

‘‘मग?’’

‘‘मी म्हनलं, देव तर झाकलेला हाय, पोरी. थोड्या वेळानं तिचं डोळं फिरलं, झटकं सुरू झालं.’’ पुष्पावतीनं पोरीचं तोंड पुसलं. ‘‘देवानं आदी बोलावनं धाडलं तिला. पुन्यवान व्हती.’’

त्या एका गोष्टीवर ती म्हातारी तग धरून होती हे मला दिसत होतं.

‘‘बाटली कुठं आहे?’’

‘‘दोक्तेर आला सांजच्याला, त्यानं नेली. बोलला, लोपितालची हाय.’’

तेव्हा कुठे तुलसीरामनं मान वर केली. ‘‘लोपिताल बुतेय देते का कोनाला? समदी आपापली घेऊन जातात. ती माझी रमची बुतेय व्हती.’’

३

बसंती घरात उपकरणं उकळत बसली होती. परवाना जाणार हे ठाऊक असूनही पातेल्यात कात्री आणि चिमटे उकळत होते. मी तिला धडाधडा प्रश्न विचारले. मी तिची निरीक्षक होते, मैत्रीण नव्हते.

‘‘पाय सुजले होते?’’

‘‘न्हाय, मादाम. दर खेपेला मी बघितले. लघवी उकळून बघितली, पांढरं कायसुदीक न्हाय.’’

‘‘तरी झटके आले.’’

‘‘आले. तेच मला कळत न्हाय.’’

ज्या झटक्यांचं नाव डॉक्टरनं मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं होतं ते असे अचानक, सूज किंवा लघवीतला पांढरा साका अशी काही खूण न देता सहसा येत नाहीत. सुईणींच्या पहिल्याच वर्गात मी हे शिकवते.

‘‘इस्पितळात का नाही हलवलंस?’’

बसंतीनं झाऱ्यानं एक चिमटा बाहेर काढला. ‘‘गाडी कोनाची? लोपितालची. मी मिरवणुकीतून धावत आले आन आदी मानूस धाडला. जयदेव गेला, तिच्या शेजारचा. आलोर, तवा दोक्तेर जेवत व्हता. जेवन झालं, मग झोप. गाडी आलीच न्हाय. मी पोरीला काढली, आईला नाय वाचवू शकले. तो आला तवा दिवे लागले व्हते.’’

दोष कुणावर टाकलाय हे तिला माहीत होतं, तरी तिचा आवाज चढला नाही. माझा चढला. ‘‘हे मंडळाला लिहून का नाही कळवलंस?’’

‘‘कोन वाचनार, मादाम?’’

मी विचारलं, आणखी काही आठवतं का.

‘‘कापराचा वास व्हता,’’ ती म्हणाली. ‘‘हिराच्या तोंडाशी. पोर बाहेर आली तवा पान्याला पन तोच वास. मला वाटलं माझ्याच हाताचा. गावातल्या देवानंदच्या घरी गनपतीची आरती घेतली व्हती ना मी.’’

‘‘आणि हात न धुता बाळंतपणाला बसलीस?’’

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. ‘‘कोपरापर्यंत धुतले. कार्बोलिकनं. तुमीच शिकवलंय.’’

कार्बोलिकनं धुतलेल्या हाताला दुसरा कुठलाही वास राहत नाही. म्हणजे तो वास बसंतीच्या हातांचा नव्हता.

४

साखर कारखान्याच्या इस्पितळात सकाळची रांग लागली होती. बायका मांडीवर रिकाम्या बाटल्या घेऊन बसल्या होत्या, रमच्या, लेमोनेडच्या, एकीकडे अत्तराचीसुद्धा. औषधाच्या खोलीत कापराच्या तेलाचा दर्प भरला होता. आमच्या बेटावर हे थंडीचे दिवस, ज्याच्या त्याच्या छातीला तेच तेल चोळतात, त्यामुळे तिथे उभ्या माणसाला तो वास जाणवेनासा होतो. फळीवर दोन सारख्याच मोठ्या बरण्या शेजारी शेजारी होत्या, एकीत एरंडेल, दुसरीत कापराचं तेल. एक प्यायचं, दुसरं पोटात गेलं तर माणूस झटके येऊन मरू शकतो. इतक्या जवळ त्या ठेवायच्याच नाहीत, पण बरण्या कुठे ठेवाव्यात हे डॉक्टरला सांगणार कोण?

देर्व्हिलांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस देखणा, बोलणं लोण्यासारखं.

‘‘बिचारी बसंती,’’ ते म्हणाले. ‘‘मनानं चांगली आहे. पण खेड्यातल्या बाईला किती समजणार?’’

‘‘तुम्ही पोचलात तेव्हा हिरा कशी होती?’’

‘‘शेवटच्या घटकेला. आणि ती खोली! श्वास घेता येईना. कापूर, उदबत्त्या, सगळा धूर. त्यांचा सण होता ना, त्या हत्तीच्या देवाचा.’’

मी वासाचं नावही काढलं नव्हतं. खाई त्याला खवखवे, असं माझ्या मनात आलं. मी चहा संपवला, आभार मानले, आणि दाराशी वळून म्हटलं, ‘‘त्या घरात ह्या वर्षी गणपती नव्हता, डॉक्टर. चुलत्याचं सुतक होतं. सुतकात आम्ही देवाला शिवत नाही. दिवा नाही, आरती नाही, कापूर तर नाहीच.’’

त्यांचा कप बशीवर जरा जास्तच जोरात टेकला. मी निघाले. बाहेर नर्सला फक्त विचारलं, औषधांच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते. डॉक्टरकडे एक आणि औषधं देणाऱ्या गोवर्धनकडे एक, असं ती म्हणाली.

मी परत पुष्पावतीकडे गेले. जायचं जिवावर आलं होतं, पण विचारल्याशिवाय चालणार नव्हतं.

‘‘काकी, हिरा देवाच्या वासाचं बोलली ती तेल पिण्याआधी की प्यायल्यावर?’’

‘‘प्याल्यावर. तोंड पुसता पुसता.’’

‘‘घरात कापूर होता? छातीला लावायचा, कसलाही?’’

‘‘गर्भारनीला आमी कापूर शिवू देत न्हाय, बाय. दूध आटतं त्येनं. आन सुतकात कापूर कोन...’’ ती थांबली. पोर तिच्या मांडीवर झोपली होती. तिनं झाकलेल्या देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘म्हंजी देव नव्हता तो,’’ ती म्हणाली.

‘‘नव्हता, काकी. कापराचं तेल होतं. एरंडेल म्हणून तिला ते भरून दिलं.’’

पूजेच्या घरात वाढलेल्या पोरीनं कापूर चाखला आणि तिला देव आठवला. दुसऱ्या कुणी ‘हे कडू आहे’ म्हणून थुंकलं असतं. मला त्या क्षणी कोणाचा तरी गळा धरावासा वाटला, आणि धरायला तिथे फक्त एक म्हातारी आणि एक तान्हं मूल होतं.

५

त्या रात्री मी देवानंदच्या घरी राहिले. सकाळी दाराशी गोवर्धन उभा. गावातला सगळ्यात मोठा गळा, आणि आवाज फुटत नव्हता.

‘‘मादाम, मी केलं. चुकून कापराचं तेल भरलं. बसंतीचा काय दोष न्हाय. मला जे करायचं ते करा.’’

देवानंदची बायको जमुना चहा घेऊन येत होती, ती तिथेच थबकली. मी गोवर्धनला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

‘‘तेल चुकलं हे तुला कोणी सांगितलं?’’

‘‘कोनी न्हाय. मलाच समजलं.’’

‘‘मी पुष्पावतीकाकीशिवाय कोणाजवळही तेलाचा शब्द काढलेला नाही. डॉक्टरला मी एवढंच म्हणाले की त्या घरात सुतक होतं, कापूर नव्हता. तेवढ्यावरून तेलापर्यंत कोण पोचेल? ज्याला आधीपासून ठाऊक होतं तोच.’’

तो जमिनीकडे पाहू लागला.

‘‘हिरानं तेल कधी घेतलं?’’

‘‘दुपारी. आरतीनंतर.’’

‘‘आणि तू कुठे होतास?’’

त्यानं दाराची चौकट धरली.

‘‘आरतीपासून तू मिरवणुकीपुढे गात होतास. हिरा भरलेली बाटली मांडीवर घेऊन तुझंच गाणं ऐकत होती. अर्ध्या गावानं तुला नदीत कमरेपर्यंत पाण्यात बघितलं. एक माणूस एकाच वेळी मिरवणुकीपुढे गाईल आणि इस्पितळात तेल भरून देईल, हे कसं, ते मला समजावून सांग.’’

तेव्हा तो बसला. हाताच्या पंजांत तोंड घेऊन म्हणाला, ‘‘घर कारखान्याचं हाय, मादाम. दोक्तेर काल सांजच्याला आला. बोलला, माझी डिग्री जाईल, तुझं काय जानार, तुला परवानाच न्हाय. तू कबूल केलंस तर चार शब्द आयकशील, न्हाय तर सामान बाहेर. घरात तीन पोरं हायत माझी.’’

मला त्याचा राग आला, आणि लगेच दुसऱ्याच कुणाचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे एक संन्यासी पुरला नाही, तर चोर दुसरा शोधून आणत होता.

‘‘सोमवारी रोझ हिलला येशील?’’ मी विचारलं. ‘‘खरं सांगायला?’’

जमुनानं चहा त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, ‘‘हिरा तुजं गानं आयकत व्हती, गोवर्धनभाऊ.’’

६

सोमवारी मी खुर्ची भिंतीपासून उचलली आणि टेबलाला लावली. सगळ्यांनी पाहिलं. टेबलाच्या टोकाला देर्व्हिल, समोर उभी बसंती, मागे गोवर्धन आणि तुलसीराम.

मी सरळ सांगितलं. बसंतीनं सूज पाहिली, लघवी पाहिली, काही नव्हतं. गाडी मागवली, गाडी आली नाही. हिरानं तेल प्यायल्यावर कापराचा वास घेतला, सुतकाच्या घरात, जिथे कापूर असणं शक्य नाही. तोच वास पोरीच्या पाण्याला आला, म्हणजे कापूर आईच्या पोटातून आला. औषधांच्या दोन किल्ल्या, त्यांतली एक त्या वेळी गाणाऱ्या माणसाच्या खिशात. उरली एक. त्या किल्लीच्या मालकानं रोग्याची स्वतःची बाटली इस्पितळाची म्हणून उचलून नेली, आणि मी तेलाचं नाव घेण्याआधी दुसऱ्याला तेलाचा गुन्हा कबूल करायला धाडलं.

गोवर्धन पुढे झाला. ‘‘मी मिरवणुकीत व्हतो,’’ तो म्हणाला. ‘‘काल-परवा खोटं बोललो. आज बोलनार न्हाय.’’ त्याचा आवाज त्या खोलीलाच काय, रस्त्यालाही ऐकू गेला असेल.

अध्यक्षांनी देर्व्हिलांकडे पाहिलं. ‘‘बाटली?’’

‘‘फुटली,’’ देर्व्हिल म्हणाले.

‘‘आणि प्रेत?’’

‘‘दहन झालं,’’ मी म्हणाले. ‘‘ह्यांच्याच सहीच्या दाखल्यावर.’’

मग सगळे डॉक्टर एकमेकांत फ्रेंचमध्ये कुजबुजले. ते मला समजत नाही असा त्यांचा समज होता. ‘बिचारा’, ‘थकलेला होता’, ‘जेवणानंतरची वेळ’, असे शब्द येत होते. हिराचं नाव एकदाही आलं नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, पुरावा म्हणून उरला तो नुसता वास, आणि वासावर कुठल्याही डॉक्टरवर कारवाई होत नसते. सुईणीविरुद्धही काही सिद्ध होत नाही. तिचा परवाना तिच्याकडेच राहावा. ‘‘पूर्वीप्रमाणे डॉक्टर देर्व्हिलांच्या देखरेखीखाली,’’ त्यांनी पुस्ती जोडली आणि बसंतीकडे असं पाहिलं जणू तिनं आता वाकून आभार मानायचे होते.

तुलसीराम उठला आणि निघून गेला. बोलली बसंती.

‘‘परवाना मी ठेवते,’’ ती म्हणाली. ‘‘देवानंदच्या सुनेचे दिस भरलेत, मी न्हाय गेले तर कोन जाईल? पन दोक्तेर, माज्या बायकांना तुमी जी बुतेय द्याल, तीतला पयला चमचा माज्यासमोर तुमी प्यायचा. न्हाय प्यालात, तर ती बुतेय मी बाईच्या ओठाला लावू देनार न्हाय.’’

देर्व्हिलांचा चेहरा लाल झाला. अध्यक्ष म्हणाले, ‘‘असा काही नियम नाही.’’

‘‘आहे,’’ मी म्हणाले. ‘‘सुईणींनी कसं वागायचं ते नियम मी करते. तुम्हीच तो अधिकार दिलाय. देणाऱ्यानं समोर चाखल्याशिवाय कुठलंही पोटात घ्यायचं औषध सुईणीनं गर्भारणीला देऊ नये. दिलं तर परवाना रद्द. आजपासून.’’

सुईणींना जखडणारा नियम म्हटला की मंडळ कधीच खळखळ करत नसे. इतकी वर्षं मी हे पाहत आले होते. आताही त्यांना विरोध कशाला करायचा ते पटकन सुचेना. चिटणीसानं नियम लिहून घेतला, अध्यक्षांनी सवयीनं सही केली, आणि सही करून झाल्यावर त्यांचं पेन हवेत थांबलं.

७

गोवर्धनचं घर गेलं. नोकरीही गेली. तुलसीरामनं त्याला आणि त्याच्या पोरांना आपली पडवी दिली. कोर्टात काही झालं नाही, होणारही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी इस्पितळात तपासणीला गेले. गोवर्धनच्या जागी माणूस मिळेपर्यंत औषधं देर्व्हिल स्वतः भरत होते. रांग भिंतीपासून फाटकापर्यंत होती. अशक्त, गर्भार, लेकुरवाळ्या बायका. काही तर काही दुखत नसताना आल्या होत्या. पुष्पावतीही होती, पोरीला घेऊन.

देवानंदची सून इंदूमती पुढे आली. डॉक्टरनं तिच्या बाटलीत एरंडेल भरलं आणि बाटली खिडकीतून सरकवली. बसंतीनं ती घेतली, बूच काढलं, हुंगलं. मग चमचाभर तेल ओतून चमचा खिडकीत धरला.

‘‘प्या, दोक्तेर,’’ ती म्हणाली.

देर्व्हिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी नियमावली काखेत धरून उभी होते आणि हलले नाही. त्यांनी रांगेकडे पाहिलं. मग त्यांनी चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटून ते घट्ट, बुळबुळीत तेल गिळलं.

एरवी असा साहेब एरंडेल पिताना दिसला असता तर सगळं गाव महिनाभर हसलं असतं. तिथे एकही बाई हसली नाही. बसंतीनं चमचा उकळत्या पाण्यात बुडवला, पुसला, आणि पुढच्या बाईची बाटली हातात घेतली.